चौसष्ट घरं (लेखांक ९) : अनोळखी माणसावर चालणारा डाव

मागच्या आठवड्यात आपण पेट्रॉफ बचाव पाहिला. थंड डोक्याच्या, हिशेबी माणसाचा बचाव, असं त्याचं वर्णन मी केलं होतं आणि तिसऱ्या खेळीनंतरची स्थिती पटावर तशीच मांडून ठेवा, असं सांगून लेख थांबवला होता. आज तिथूनच पुढे जाऊ. गंमत अशी की या थंड बचावाच्या पोटातून दोन चांगलेच बदनाम डाव निघतात, एक काळ्याचा आणि एक पांढऱ्याचा. काळ्याचा डाव सध्या मोबाइलवर धुमाकूळ घालतोय. पांढऱ्याचा डाव पावणेदोनशे वर्षांपूर्वी कलकत्त्यात एका बंगाली ब्राह्मणासमोर टाकला गेला होता.

पट मोडून ठेवला असेल त्यांच्यासाठी पुन्हा एकदा. उभ्या ओळी ए ते एच, आडव्या ओळी पांढऱ्याच्या बाजूनं १ ते ८. पांढऱ्यानं राजापुढचं प्यादं दोन घरं टाकलं, ई४. काळ्यानंही तेच केलं, ई५. पांढऱ्याचा घोडा एफ३ वर आला, त्याची नजर ई५ च्या प्याद्यावर. काळ्यानं ते प्यादं राखायचं सोडून आपला घोडा एफ६ वर काढला. तू माझं घे, मी तुझं घेतो, असा सरळ व्यवहार. पांढऱ्याच्या घोड्यानं ई५ चं प्यादं मारलं. इथे शहाणा काळा डी६ खेळतो, घोड्याला हाकलतो आणि मग ई४ चं प्यादं मारून हिशेब बरोबर करतो. हा झाला मागचा लेखांक.

आता बदमाशी. काळा डी६ खेळत नाही. तो दुसरा घोडा सी६ वर आणतो, पांढऱ्या घोड्याच्या थेट तोंडात. पांढरा तो मारतो, काळा डी-प्याद्यानं परत मारतो. घोड्याला घोडा गेला आणि वर काळ्याचं एक प्यादं फुकट गेलं. याला स्टॅफर्ड गॅम्बिट म्हणतात. गॅम्बिट म्हणजे काय हे आपण पहिल्या लेखांकात पाहिलंच आहे : सुरुवातीलाच प्यादं किंवा मोहरा सोडायचा आणि त्याच्या बदल्यात वेळ, मोकळ्या ओळी आणि हल्ला पदरात पाडून घ्यायचा. (२०२० च्या ऑक्टोबरात ‘द क्वीन्स गॅम्बिट’ मालिका आली आणि हा शब्द घराघरांत गेला. तिच्या नावातला गॅम्बिट मात्र पक्का सुरक्षित आहे, तिथलं प्यादं बहुतेक वेळा परत मिळतं. स्टॅफर्डमधलं मिळत नाही.)

काळ्याच्या हाती काय लागलं ते मोजा. पांढऱ्यानं चार खेळ्या केल्या, त्यांतल्या तीन एकाच घोड्याच्या, आणि तो घोडा आता पटावर नाही. म्हणजे चार खेळ्यांनंतर पांढऱ्याचं फक्त एक प्यादं हललेलं दिसतं. काळ्याचा घोडा बाहेर आहे, दोन्ही उंटांच्या वाटा मोकळ्या आहेत आणि वजिरासमोरची डी-ओळ उघडी आहे. काळ्याचा पुढचा उंट सी५ वर येणार, तिथून त्याची नजर थेट एफ२ वर. पांढऱ्याच्या छावणीतलं हे सगळ्यात नाजूक घर, कारण त्याला सुरुवातीला राजाखेरीज कोणाचाच जोर नसतो.

पाचवी खेळी. पांढरा ई४ ला आधार म्हणून डी३ खेळतो. चांगली खेळी आहे. काळा उंट सी५. आता पांढऱ्याला वाटतं, समोरचा घोडा जरा खिळून ठेवावा. तो आपला उंट जी५ वर आणतो. काळा घोडा हलला की मागचा वजीर जाणार, असा साधा विचार, शाळेत शिकवतात तसा. आणि काळा घोडा हलतो! तो ई४ चं प्यादं मारतो. पांढऱ्याला वजीर दिसतो, बोट आपोआप पडद्यावर जातं, उंटानं वजीर मारला. काळा उंट एफ२ चं प्यादं मारून शह देतो. राजाला जायला एकच घर आहे, ई२. दुसरा काळा उंट जी४ वर येतो. मात. आठव्या खेळीला, वजीर देऊन.

पटावर हळूहळू मांडून पाहा. डी२ घोड्यानं धरलेलं, ई१ आणि ई३ एका उंटानं, एफ३ दुसऱ्यानं, डी१, डी३ आणि एफ१ वर स्वतःचीच माणसं. एफ२ चा उंट मारावा तर त्याला घोड्याचा जोर. सहाव्या खेळीनंतर पांढऱ्यानं वजिराचा मोह टाळून डी-प्याद्यानं घोडा मारला, तरी तोच उंट एफ२ वर शह देतो आणि राजानं तो उंट मारला की काळा वजीर डी१ वरचा पांढरा वजीर उचलतो. दोन्हीकडून अडकला. अमेरिकन इंटरनॅशनल मास्टर एरिक रोझन यानं २०२० च्या सुमारास हा डाव आपल्या थेट प्रक्षेपणांतून इतका दाखवला की स्टॅफर्ड म्हटलं की आता लोकांना तोच आठवतो. वजीर गेल्यावर खोटी हळहळ करायची त्याची लकब जगभरच्या पोरांनी उचलली. कराड ते सांगली एसटीत शेजारी बसलेला कॉलेजचा मुलगा मोबाइलकडे पाहून मध्येच खुदकन हसला, तर बहुधा त्याचा वजीर नुकताच मारला गेलेला असतो.

हा डाव वाईट आहे, याबद्दल आता कोणाच्या मनात शंका नाही. बुद्धिबळाच्या कुठल्याही संगणकी इंजिनाला विचारा, ते पांढऱ्याला सुमारे दोन प्याद्यांइतकी आघाडी दाखवतं. पांढऱ्यानं हा उंट जी५ वर न नेता दुसरा उंट एकच घर पुढे, ई२ वर ठेवला, की जी४ च्या बाजूनं येणाऱ्या घोड्यावर आणि उंटावर पहारा बसतो. मग सी३, मग डी४. सी५ च्या उंटाची तिरकी वाट बंद, एफ२ वरचं संकट दूर आणि काळा एक प्यादं कमी घेऊन बसलेला. औषध इतकं साधं आहे. मग लाखो लोक हा डाव का हरतात?

पहिलं कारण घड्याळ. ऑनलाइन सगळ्यात लोकप्रिय प्रकारांपैकी एक म्हणजे तीन मिनिटांचा ब्लिट्झ. एकशे ऐंशी सेकंद. डाव चाळीस खेळ्या चालेल असं धरलं तर एका खेळीला साडेचार सेकंद. स्टॅफर्ड खेळणाऱ्याला पहिल्या आठ-दहा खेळ्या तोंडपाठ असतात, तो सेकंदाला एक टाकतो. समोरचा माणूस चौथ्या खेळीला दचकतो : अरे, यानं प्यादं फुकट का दिलं? इथे पंधरा सेकंद जातात. पाचव्याला वीस. सी५ वर उंट आल्यावर आणखी वीस. सहाव्या खेळीपर्यंत त्याच्याकडे एक प्यादं जास्त आहे आणि घड्याळात जवळपास एक मिनिट कमी. इंजिन प्यादं मोजतं, घड्याळ मोजत नाही. वाचवणाऱ्याला प्रत्येक वेळी एकच बरोबर खेळी शोधायची असते, हल्ला करणाऱ्याला तीन-चार चालतात. म्हणून मी या डावाला ‘चुकीचा’ म्हणतो तेव्हा वेळ किती आहे, हेही लगेच विचारतो. सांगलीच्या क्लासिकल स्पर्धेत दीड तासाचं घड्याळ आणि प्रत्येक खेळीला वर तीस सेकंद मिळत असतील, तर समोरचा माणूस सहाव्या खेळीला खुशाल दहा मिनिटं डोकं धरून बसेल, ई२ चा उंट शोधून काढेल, आणि पुढचे तीन तास तुम्ही एक प्यादं कमी घेऊन कुढत बसाल.

या डावाचा उगम मात्र झटपट खेळात झालेला नाही. ज्यावरून नाव पडलं तो लोवेन्स–स्टॅफर्ड डाव १९५० साली अमेरिकेत पोस्टानं खेळला गेला होता. एकेका खेळीला पोस्टकार्ड, मध्ये कित्येक दिवस. पांढऱ्यानं पाचव्या खेळीला ई५ केलं, काळा घोडा ई४ वर गेला, पांढऱ्यानं त्याला हाकलायला डी३ केलं, काळ्यानं शांतपणे उंट सी५ वर आणला. घोडा मारावा तर उंट एफ२ वर येऊन शह, आणि वजीर गेला. इतका वेळ हाताशी असूनही माणूस फसला! घड्याळाशिवाय आणखी काहीतरी आहे, हे यावरून कळतं.

ते दुसरं कारण माझ्या मते जास्त महत्त्वाचं आहे आणि त्यासाठी कलकत्त्याला जावं लागेल.

जॉन कॉक्रन हा स्कॉटिश बॅरिस्टर, १७९८ चा जन्म, तरुणपणी लंडन-पॅरिसच्या नामांकित खेळाडूंत गणला गेलेला. पुढे तो वकिलीसाठी कलकत्त्यात स्थायिक झाला. तिथल्या बुद्धिबळ क्लबातले लोक त्याच्यासमोर टिकत नसत. मग क्लबचा एक सदस्य कामासाठी आत खेड्यापाड्यांत गेला असता त्याला कळलं की तिथे एक ब्राह्मण आहे, तो म्हणे कधी हरलाच नाही. मोहेशचंद्र बंद्योपाध्याय, इंग्रजांनी त्यांचं नाव मोहीशंदर बॅनर्जी असं करून टाकलं. त्यांना कलकत्त्याला आणलं गेलं. युरोपियन नियम त्यांना नवे होते. कॉक्रन जास्त डाव जिंकला, पण मोहेशचंद्रही जिंकत आणि दोघं वर्षानुवर्षं एकमेकांशी शेकड्यांनी डाव खेळले. ते डाव लंडनच्या नियतकालिकांत छापून येत, म्हणून आज आपल्याला ते माहीत आहेत.

१८४८ साली या दोघांच्या एका डावात आपलीच तिसऱ्या खेळीची स्थिती आली. मोहेशचंद्रांनी शहाणी खेळी केली, डी६, घोडा हाकलला. कॉक्रननं घोडा मागे घेतलाच नाही. त्यानं तो एफ७ वर घातला, प्यादं मारलं, आणि राजानं त्याला मारलं. एका घोड्याच्या बदल्यात दोन प्यादी. काळ्याचा राजा मधोमध उघडा, किल्लेकोट कायमचा गेला. हाच कॉक्रन गॅम्बिट. स्टॅफर्डपेक्षा हा कितीतरी दर्जेदार आहे; इंजिन काळ्याला सरस म्हणतं, पण फार नाही. १९९९ मध्ये लिनारेसच्या स्पर्धेत वेसेलिन टोपालोव्हनं तो चक्क व्लादिमिर क्रॅमनिकसमोर टाकला. पेट्रॉफ खेळण्यात क्रॅमनिकचा हात धरणारे थोडे, आणि तरी तो डाव बरोबरीत सुटला.

कॉक्रनसारख्या माणसाला मोहेशचंद्रांसारख्यांविरुद्ध असा डाव का टाकावासा वाटला असेल? आपल्याकडच्या जुन्या पद्धतीच्या खेळात प्यादं पहिल्या खेळीलाही एकच घर चालतं. राजा किल्लेकोट करत नाही. त्याला आयुष्यात एकदा घोड्यासारखी अडीच घरांची उडी मिळते. त्यामुळे तिसऱ्या खेळीला मारामारी होणं अशक्यच. दोन्ही फौजा आपापल्या हद्दीत सावकाश मांडणी करतात, आणि खरा खेळ पंधरा-वीस खेळ्यांनंतर सुरू होतो. अशा पद्धतीत तयार झालेल्या माणसाला सुरुवातीच्या गॅम्बिटचं वावडं असणारच. मीर सुलतान खानचीही गोष्ट हीच. पंजाबच्या या माणसानं १९२९, १९३२ आणि १९३३ असं तीनदा ब्रिटिश अजिंक्यपद जिंकलं, पण सुरुवातीच्या खेळ्यांत त्याची दमछाक व्हायची, कारण लहानपणीचा खेळ देशी पद्धतीचा. (जागतिक बुद्धिबळ संघटना फिडेनं त्याला २०२४ मध्ये, मृत्यूनंतर अठ्ठावन्न वर्षांनी, मानद ग्रँडमास्टर केलं. उशीर हा खेळाच्या संघटनांचा स्थायीभाव आहे.)

बलिदान आपल्याला परकं नव्हतं, हे मात्र आवर्जून सांगायला हवं. १८१४ साली मुंबईत त्रेवंगडाचार्य शास्त्री यांच्या संस्कृत ग्रंथातल्या स्थितींचं इंग्रजी पुस्तक निघालं. ‘अमुक खेळ्यांत मात करा’ छापाच्या कोड्यांचं. मोहरे धडाधड देऊन राजाला कोपऱ्यात धरायचं, ही आपली जुनी आवड, आणि प्याद्यानं मात दिली तर तिची शान औरच. फरक इतकाच की तो सोस डावाच्या शेवटी भागवला जाई.

मोहेशचंद्रांनी मात्र तक्रार केली नाही. ते शिकले. कॉक्रनच्या प्याद्यांच्या लोंढ्यासमोर ते आपला उंट बाजूला, जी७ वर ठेवू लागले आणि लांबून मध्य धरू लागले. ज्याला आज ग्रुनफेल्ड बचाव म्हणतात तो त्यांनी १८५५ च्या सुमारास खेळून दाखवला, एर्न्स्ट ग्रुनफेल्डच्या जन्माआधी जवळजवळ चाळीस वर्षं. किंग्ज इंडियन, क्वीन्स इंडियन या बचावांतलं ‘इंडियन’ मोहेशचंद्रांच्या खेळापर्यंत पोचतं. रोज त्याच टेबलावर तोच माणूस बसणार असेल, तर त्याच्या युक्त्यांवर कायमचा तोडगा काढल्याशिवाय गत्यंतर नसतं. गॅम्बिटचा खरा शत्रू ओळख आहे, घड्याळ त्याचा मित्र असलं तरी.

सांगलीत हे समजायला पुस्तक लागत नाही. या शहराला बुद्धिबळाची पंढरी म्हणतात ते भाऊसाहेब पडसलगीकरांमुळे. त्यांनी उभं केलेलं नूतन बुद्धिबळ मंडळ आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत भरणारा तिथला बुद्धिबळ महोत्सव, यांनी कित्येक पिढ्या घडवल्या. सातारा, कराड, तासगाव, विट्यापासूनची पोरं आई-बापांचं बोट धरून तिथे येतात. (आजचा सांगली जिल्हा १९६० पर्यंत दक्षिण सातारा होता, तेव्हा ही ये-जा काही नवी नाही.) अशा कोणत्याही मंडळातला माणूस आठवा. संध्याकाळी येणारी मंडळी ठरलेली, तीस-चाळीस. एखाद्यानं एके दिवशी स्टॅफर्डसारखा फसवा डाव आणला, तर पहिल्या दिवशी दोन-तीन जण सापडतात. पाहणारे मागे उभे असतातच. रात्री जेवताना हरलेला माणूस पट मांडून बसतो. दुसऱ्या दिवशी सगळ्या मंडळाला ई२ चा उंट माहीत झालेला असतो, आणि त्या बहाद्दराला वर्षभर टोमणे ऐकावे लागतात. त्याच्यावर कंदी पेढ्यांची पैज लावायलाही कोणी तयार होत नाही. गावातल्या मंडळात फसवा डाव प्रत्येकावर फार तर एकदा चालतो.

मोबाइलवर असं काही नाही. लिचेस किंवा चेसडॉटकॉमवर बटण दाबलं की समोर ब्राझीलचा कोणीतरी, नंतर फिलिपिन्सचा, नंतर पोलंडचा. आज हरलेला माणूस उद्या तुम्हाला भेटण्याची शक्यता नाहीच्या जवळ. त्याला काय कळलं आणि त्यानं काय शिकून घेतलं, याचा तुम्हाला उपद्रव नाही. दर तीन मिनिटांनी नवा, न शिकलेला प्रतिस्पर्धी. कॉक्रनला आयुष्यभरात एक मोहेशचंद्र मिळाले. स्टॅफर्ड खेळणाऱ्या पोराला रोज वीस अनोळखी मिळतात. हे डाव आत्ता, याच दशकात इतके का फोफावले, याचं उत्तर मला तरी इथे सापडतं. एंग्लंड गॅम्बिट घ्या, जिथे डी४ ला काळा पहिल्याच खेळीला ई५ चं प्यादं देऊन टाकतो आणि पांढऱ्यानं सहाव्याला उंट सी३ वर नेण्याची चूक केली तर आठव्या खेळीला सी१ वर मात करतो. इंजिनांनी सगळे फसवे डाव उघडे पाडले, त्याच काळात ते सगळ्यात जास्त खेळले जाऊ लागले.

लिचेसवर तर हे आकड्यांतून दिसतं. तिथे झालेल्या डावांचा साठा सगळ्यांना खुला आहे, रेटिंगप्रमाणे चाळून पाहता येतो. स्टॅफर्डची स्थिती उघडा आणि खालच्या रेटिंगपासून वर वर जा. खालच्या पायऱ्यांवर काळाच जास्त जिंकताना दिसेल, इंजिन कितीही नावं ठेवो. वर जाल तशी पांढऱ्याची बाजू वजनदार होत जाते. साठा फुकट आहे, हिशेब स्वतः करून पाहा. मी इथे आकडा देत नाही, कारण तो दर महिन्याला हलतो. एक सूचना : हा साठा डाव संपल्यावर उघडायचा. चालू ब्लिट्झ डावात बाजूच्या खिडकीत तो उघडणं ही फसवणूक आहे आणि त्यासाठी खातं बंद होतं. दिवसाला एक खेळी करायच्या संथ ऑनलाइन डावांत मात्र ओपनिंगचा साठा पाहायला परवानगी असते, इंजिनाला नसते. म्हणजे पोस्टानं खेळताना जन्मलेला स्टॅफर्ड आजच्या ‘पोस्टा’च्या बुद्धिबळात पार मेलेला आहे.

आता तुम्ही पांढरे असाल तर. ई२ चा उंट सांगितला, पण तेवढ्यानं निर्धास्त होऊ नका. त्यानंतर काळा एच५ खेळतो आणि इथे सवयीनं किल्लेकोट करणारे पुष्कळ. करू नका. किल्लेकोट झाला की काळा घोडा जी४ वर येतो. तुम्ही एच३ करून त्याला हाकलायला जाता, तो जात नाही. वजीर डी६ वर येतो आणि एच२ वर मातेची धमकी बसते. प्याद्यानं घोडा मारलात तर काळा एच-प्याद्यानं परत मारतो आणि त्याच्या हत्तीसमोर एच-ओळ सताड उघडी होते. तिथून वाचणं नाही. त्यापेक्षा राजा मधेच ठेवा, आधी सी३, मग डी४. शाळेत शिकवलेलं ‘लवकर किल्लेकोट करा’ हे सूत्र इथे तुमच्याच गळ्यात येतं. आणि आणखी सोपा उपाय हवा असेल तर तिसऱ्या खेळीला ई५ चं प्यादं मारूच नका, घोडा सी३ वर काढा. स्टॅफर्डवाल्याचा सगळा गृहपाठ वाया.

आणि तुम्ही काळे असाल, म्हणजे हा डाव खेळणारे असाल तर? रुडॉल्फ स्पीलमान या ऑस्ट्रियन उस्तादानं १९३५ साली बलिदानावर एक पुस्तक लिहिलं. त्यात त्यानं दोन जाती मानल्या : ज्याची वसुली आधीच मोजता येते ते दिखाऊ बलिदान, आणि ज्याची मोजता येत नाही, अंदाजावर आणि जिगरीवर करावं लागतं ते खरं बलिदान. स्टॅफर्ड यांपैकी कशातच बसत नाही. त्याची वसुली मोजता येते आणि ती तोट्याची आहे. सगळी मदार समोरच्याला ते ठाऊक नसण्यावर. कुस्तीतलं उदाहरण घ्या. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव, १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक आणणारे, ढाकेसाठी ओळखले जायचे. ढाक लावताना पैलवान क्षणभर समोरच्याकडे पाठ करतो. लागली तर टाळ्या, हुकली तर आपणच खाली. पण खाशाबांची ढाक माहीत असलेल्या पैलवानालाही लागायची. स्टॅफर्ड माहीत असलेल्याला लागत नाही.

तरीही मी तो खेळू नका असं म्हणणार नाही. बॉबी फिशरनं १९६० मध्ये मार देल प्लाताला स्पास्कीच्या किंग्ज गॅम्बिटसमोर हरल्यावर, हा गॅम्बिट मोडीत निघाला असं जाहीर करणारा लेख १९६१ मध्ये लिहिला, आणि १९६३ मध्ये अमेरिकन अजिंक्यपदात तोच गॅम्बिट स्वतः खेळला. सिद्धान्त आणि भूक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तीन मिनिटांच्या खेळात स्टॅफर्ड तुम्हाला एक-दोन कामाच्या सवयी लावतो. एफ२ आणि एफ७ ही घरं डोळ्यांसमोरून हटत नाहीत. शह दिसला की दोन खेळ्या पुढे पाहण्याचं वळण लागतं. सगळ्यात महत्त्वाचं, समोरच्यानं ई२ चा उंट खेळला तर पुढच्या तीस खेळ्या एक प्यादं कमी असताना झुंजायला शिकावं लागतं : जोडीचे उंट सांभाळायचे, एच-प्यादं रेटायचं, वजिराच्या बाजूनं किल्लेकोट करून हत्ती डी-ओळीत आणायचा. फसवा डाव फसल्यावर जे डाव सोडून नवा प्रतिस्पर्धी शोधतात, ते यातलं काहीच शिकत नाहीत. त्यांचं रेटिंग एका पायरीवर अडकतं आणि त्यांना कारण कळत नाही. त्यांच्या वरच्या पायरीवरच्या सगळ्यांनी रोझनचे व्हिडिओ पाहिलेले असतात, एवढंच ते कारण.

पालकांना एक गोष्ट स्पष्ट सांगतो. पहिल्याच वर्षी आठ-नऊ वर्षांच्या मुलाकडून फसव्या डावांची यादी पाठ करून घेणारा शिक्षक मला पसंत नाही. मूल शाळेच्या स्पर्धेत चार डाव आठ खेळ्यांत जिंकून ढाल घेऊन येतं, घरी कौतुक होतं आणि बारा वर्षांचं होईपर्यंत त्याला हत्ती-प्याद्यांचा शेवट खेळता येत नाही. आधी शेवट शिकवा, मग मधला खेळ, गॅम्बिट त्यानंतर. मोठ्यांनी, नोकरी करून रात्री अर्धा तास खेळणाऱ्यांनी, खुशाल खेळावा. त्यांना ग्रँडमास्टर व्हायचं नसतं.

या आठवड्यात एवढं करा. तीन मिनिटांचे काही डाव काळ्या बाजूनं स्टॅफर्ड खेळा, आणि ज्या डावात समोरच्यानं उंट ई२ वर ठेवला तो डाव शेवटपर्यंत लढा, सोडू नका. मग तोच डाव इंजिनावर टाकून पंधराव्या खेळीनंतर तुमच्या चुका कुठे झाल्या ते पाहा. पहिल्या पाच खेळ्यांबद्दल ते काय म्हणतं ते आपल्याला आधीच माहीत आहे. पुढच्या लेखांकात कॉक्रन गॅम्बिट पांढऱ्याच्या बाजूनं सविस्तर पाहू, त्यासाठी घोडा एफ७ वर ठेवून पट मांडून ठेवा. आणि येत्या उन्हाळ्यात सांगलीला क्लासिकल स्पर्धेत उतरणार असाल, तर स्टॅफर्ड घरी ठेवून या.